पॅनवरची जाळी

सव्वीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात पॅनवरची जाळी रोज दुपारी मीच सरकवून ठेवत होतो. तिवारीजींच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

आता क्रमाने सांगतो. पॅन म्हणजे काय आणि जाळी कशासाठी, हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

मी झाशीला एका सरकारी फार्मवरच्या वेधशाळेत ऑब्झर्व्हर म्हणून लागलो. प्रोबेशनवर होतो. वेधशाळा म्हटलं की लोकांना दुर्बीण आठवते. आमच्याकडे दुर्बीण नव्हती. तारेच्या कुंपणात कापलेल्या गवताचा एक चौकोन, आणि त्यात पाण्याची वेगवेगळी रूपं मोजायची वेगवेगळी साधनं. पावसासाठी रेनगेज. हवेतल्या वाफेसाठी दोन थर्मामीटर. त्यातल्या एकाच्या टोकाला ओल्या मलमलीचा तुकडा बांधलेला. दोघांच्या आकड्यांत जितका फरक, तितकी हवा कोरडी. दंवासाठी रंगवलेला एक लाकडी ठोकळा. त्याच्यावरचे थेंब सूर्य उगवायच्या आधी बघायचे आणि फोटोंशी ताडून नंबर द्यायचा. आणि सगळ्यांच्या मधोमध इव्हॅपोरेशन पॅन.

पॅन म्हणजे पत्र्याचं गोल, उथळ, पांढरं रंगवलेलं भांडं. रुंदी चार फूट, खोली वीतभराहून थोडी जास्त. त्यात पाणी भरून उघड्यावर ठेवायचं आणि ऊन-वारा त्यातलं किती उचलून नेतात ते मोजायचं. पाण्याच्या साऱ्या फेऱ्यात एवढा एकच भाग डोळ्यांना दिसत नाही. पाऊस पडताना दिसतो, नदी वाहताना दिसते, गार तर डोक्यावर आपटते. वर जाणारं पाणी कुणी पाहिलं आहे? म्हणून हा पॅन.

मोजायची रीत सोपी आहे. पॅनच्या आत एका बाजूला पितळेचं छोटं नळकांडं असतं, म्हणजे वाऱ्याने उठणारी लाट आत पोचत नाही. त्याच्या मधोमध एक टोकदार सळई. सकाळी साडेआठला बघावं तर पाणी टोकाच्या खाली गेलेलं असतं. मग मापाच्या भांड्याने पाणी ओतत जायचं. पाणी टोकाला नेमकं टेकलं की थांबायचं. जितकं ओतलं तितकं उडालं. दुपारी अडीचला पुन्हा तेच. म्हणजे दुपारचं रीडिंग सहा तासांचं, आणि सकाळचं रीडिंग आदल्या दुपारपासूनच्या अठरा तासांचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळचं रीडिंग तिवारीजी घेत. दुपारचं मी.

रामसेवक तिवारी वेधशाळेत तीस वर्षं होते. दंव बघायचं म्हणून उजाडायच्या आत सात किलोमीटर सायकल मारत यायचे आणि दुपारी तीनला परत जायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बोलायचे हिंदी, रागावले की बुंदेली. मला त्यांनी सगळं शिकवलं, आणि शिकवताना मी मूर्ख आहे असं एकदाही वाटू दिलं नाही.

पहिल्याच फेब्रुवारीत गारा पडल्या. रेनगेज गारांनी भरला. गारा मिलिमीटरमध्ये कशा मोजायच्या, मला माहीत नव्हतं. मी वितळायची वाट बघत बसलो. तिवारीजी चहाची किटली घेऊन आले.

"काए भैया, पूजा कर रहे हो इनकी?"

"पिघल जाएँ, फिर नापूँगा."

"तब तक आधा उड़ जाएगा."

त्यांनी किटलीतलं कोमट पाणी आधी मापात घेतलं, आकडा लिहिला, मग गारांवर ओतलं. गारा वितळल्या. सगळं पाणी मोजलं आणि ओतलेलं वजा केलं. उरलं ते आकाशाचं.

"और चाय?" मी विचारलं.

"चाय का पानी तो गया सरकारी काम में. अब ठंडा पियो."

आमच्या रोजच्या नमुन्यात बर्फवृष्टीसाठीही एक रकाना होता. झाशीत बर्फ फक्त बडा बाजारात मिळतो, लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या. तिवारीजी तीस वर्षं त्या रकान्यात रोज एक आडवी रेघ मारत होते. पट्टी लावून. मी एकदा म्हटलं, हा रकाना सोडून दिला तर काय होईल? ते म्हणाले, रिकामा ठेवलास तर वाचणाऱ्याला कळणार नाही की बर्फ पडला नाही की तू बघितलं नाहीस.

पाण्याबद्दल त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. नवीन माणूस आला की ऐकवायचे. "पानी का ट्रांसफर होता है, रिटायरमेंट नहीं होता." पॅनमधून हवेत, हवेतून ढगात, ढगातून बेतवा नदीत, बेतवेतून कुणाच्या तरी मटक्यात. स्वतःची निवृत्ती जवळ आली तसं हे वाक्य ते जास्त वेळा म्हणू लागले होते.

त्या वर्षी पौषात माझे वडील गेले. रेल्वेत गुड्स क्लार्क होते. आमचं घराणं पेशव्यांच्या वेळी कारकुनीसाठी इकडे आलं आणि इकडचंच होऊन बसलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. पण सणवार आईने सगळे आपल्या रीतीने धरून ठेवले होते. अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा घडा दान द्यायचा असतो, उदककुंभ. बरोबर वाळा, पंखा, एखादा आंबा. वर्षाच्या सगळ्यात कोरड्या दिवसांत आपल्या माणसाला तिकडे तहान लागू नये, एवढाच त्यातला विचार.

आमच्या गल्लीतल्या पंडितजींना ही रीत ठाऊक नव्हती. त्यांना त्या दिवशी लग्नं लावायची घाई होती. आई म्हणाली, "मुकुंदा, तुझे ते तिवारीजी ब्राह्मणच ना? त्यांनाच दे. चांगला माणूस आहे म्हणतोस."

मी स्कूटरवर पायांच्या मध्ये घडा धरून फार्मवर नेला. तिवारीजींनी हात धुतले, टॉवेल खांद्यावर घेतला.

"भैया, इसका मंत्र तो हमें आता नहीं. पानी पीना आता है. चलेगा?"

"माँ से पूछा नहीं."

"माताजी से कहना, पूरा पिया."

आणि त्यांनी तिथेच ग्लासावर ग्लास पाणी पिऊन दाखवलं. आईला सांगितलं तेव्हा बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "वैशाख आहे. महिनाभर तुझ्या हातून रोज कुणा तहानलेल्याला पाणी जाऊ दे. बाबांचं नाव घ्यायचं, बस." तिने स्वतः दारात मटका मांडला होता. येणारे-जाणारे, सायकल रिक्षावाले पीत होते.

मी दिवसभर फार्मवर. तिथे दुपारी कोण येणार? माणूस येत नव्हता, मोर येत होते. छावणीच्या बाजूने यायचे, कुंपणावरून उडी मारून आत. पॅनवर तारेची जाळी असते ती यांच्यासाठीच, पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून. एके दिवशी तीन वाजता तिवारीजी गेले, मी व्हरांड्यात आलो आणि वळून बघितलं. एक लांडोर जाळीवर उभी राहून चोच तारांत घालत होती. पाणी बोटभर खाली. चोच पोचत नव्हती. ती पुन्हा पुन्हा चोच घालत होती.

मी गेलो, ती बाजूला झाली. जाळीचा पाव भाग सरकवला. मनात बाबांचं नाव घेतलं. लांडोर प्यायली. घोट घेऊन मान वर करायची तिची पद्धत बघून मला हसू आलं. बाबा भांड्याला तोंड न लावता वरून पाणी प्यायचे, तेव्हा त्यांचीही मान अशीच व्हायची.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. तिसऱ्या दिवशी एक मोर आणि सातभाईंचा अख्खा थवा. तिवारीजी तीनला जायचे. ते गेले की मी जाळी सरकवायचो आणि साडेपाचच्या ऑब्झर्व्हेशनला परत लावायचो. चोचीने कितीसं पाणी जाणार, असं मला वाटलं होतं.

वेगळी परात का ठेवली नाहीस, असं कुणीही विचारेल. नळाला पाणी सकाळी तासभर यायचं, ड्रम फक्त पॅनसाठी राखलेला, परात घरून आणावी लागली असती. ही कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. परात घरात होती. स्कूटरवर घडा आणता येतो तर परातही येते. खरं असं की त्या पांढऱ्या पॅनच्या काठावर निळ्या मानेचा मोर बघायला मला फार आवडायचं. बाबा गेल्यापासून दिवसातली तेवढीच वेळ बरी जायची.

आठवड्याभरात सकाळचं रीडिंग वाढलं. पहिले दोन दिवस तिवारीजी म्हणाले, यंदा लू, गरम वारा, जोरात आहे. मग त्यांनी वाऱ्याचं यंत्र बघितलं. वारा रोजचाच होता. तापमान रोजचंच. दुपारचं माझं रीडिंगही रोजच्यासारखं येत होतं. फक्त त्यांचं सकाळचं रीडिंग तीन, साडेतीन मिलिमीटरने जास्त. ते ओतायचे, थांबायचे, वाकून बघायचे, पुन्हा थोडं ओतायचे.

"मुकुंद, ये देखो, नोक पे आया?"

"आया."

"पक्का?"

"पक्का."

आणि आकडा जास्तच असायचा.

माझ्या मनात शंका आली नाही, असं मी म्हणणार नाही. आली होती. मी ती बाजूला ठेवली, जशी पोस्टातून आलेली नको असलेली चिठ्ठी आपण न उघडता ठेवून देतो.

लखनौहून फोन आला. तिथे सगळीकडचे आकडे जमा होतात आणि धरणांतून किती पाणी उडून जाईल याचे अंदाज त्यांच्यावर बांधतात. झाशीचे आकडे शेजारच्या कुठल्याच स्टेशनशी जुळत नव्हते. साहेब स्वतः बघायला येणार होते. तिवारीजींनी फोन ठेवला आणि बराच वेळ टॉवेलने चष्मा पुसत बसले.

आधी त्यांनी गळती शोधली. गळती असती तर ती माझ्या रीडिंगमध्येही दिसली असती, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी पॅन रिकामा केला, खालच्या लाकडी चौकटीवर कोरडी राख पसरली, पॅन पुन्हा भरला. एका शनिवारी दुपारी अडीचच्या रीडिंगनंतर खाट टाकून पॅनपाशी बसले आणि रविवारी सकाळपर्यंत हलले नाहीत. त्या दुपारी जाळी अर्थातच बंद राहिली. मोर कुंपणावर येऊन बसले आणि खाटेवरचा माणूस बघून परत गेले.

रविवारी साडेआठला ते मला म्हणाले, "आज की रीडिंग तुम लो. नई आँख से."

मी घेतलं. आकडा अगदी सरळ आला. जास्तीचे तीन मिलिमीटर गायब. राख कोरडी.

तिवारीजी खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, "तो पैन ठीक है. हम ठीक नहीं हैं."

"मतलब?"

"नोक हमें ठीक से दिखती नहीं होगी, भैया. पानी ऊपर चला जाता है और हम डालते रहते हैं. आँख का फेर है." आणि लगेच, माझा चेहरा बघून, "इसमें रोने का क्या है. कल से सुबह की रीडिंग तुम्हारी."

त्या रात्री मी घरी बसून गणित केलं. पॅनमधलं एक मिलिमीटर म्हणजे सव्वा लिटरपेक्षा थोडंसं कमी पाणी. साडेतीन मिलिमीटर म्हणजे चार लिटर. सहा-सात मोर प्यायले, वर सातभाईंनी आंघोळ करून उडवलं, तर चार लिटर सहज जातात. दुसरंही गणित होतं आणि ते जास्त वाईट होतं. तिवारीजी सकाळी खरंच चुकून जास्त पाणी ओतत असते, तर दुपारी मला पाणी नेहमीपेक्षा वर दिसलं असतं. माझं रीडिंग तितकंच कमी आलं असतं. ते एकदाही कमी आलेलं नव्हतं. म्हणजे त्यांचा डोळा चुकत नव्हता. रजिस्टरचं एक पान नीट वाचलं तर कुणालाही हे कळलं असतं. तिवारीजींना एरवी क्षणात कळलं असतं. पण त्यांनी स्वतःवर शंका घेतली होती, आणि त्यांच्यासारखा माणूस स्वतःवर शंका घेतो तेव्हा पुढे तपासत नाही.

मी त्या दिवसापासून जाळीला हात लावला नाही. एवढं एक शहाणपण केलं, आणि त्याच शहाणपणाने त्यांचं काम संपवलं. सोमवारपासून सकाळचं रीडिंग मी घेऊ लागलो, जाळी बंद, आकडे सरळ. बघणाऱ्याला दिसलं ते एवढंच की माणूस बदलला आणि चूक गेली.

मंगळवारी लखनौचे साहेब आले. सक्सेना साहेब. वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. रजिस्टर उघडलं आणि सकाळच्या आकड्यांवर पेन टेकवलं.

"तिवारीजी, आपके यहाँ रात को सूरज निकलता है?"

"नहीं साहब."

"तो पानी कौन पी गया?"

मी त्यांच्या मागेच उभा होतो, हातात वाऱ्याचं रजिस्टर धरून.

"मेरी आँख की गलती है साहब," तिवारीजी म्हणाले. "पैन टेस्ट कर लिया है. अब मुकुंद ले रहा है, रीडिंग ठीक है."

साहेब माझ्याकडे वळले. "जाली? कोई जानवर, कोई आदमी? किसी ने छेड़ी हो?"

"नहीं सर," मी म्हणालो.

प्रोबेशनवर होतो, घरात आई एकटी, हे सगळं खरं आहे. पण तेव्हा मला अडवणारी गोष्ट वेगळी होती. सरकारी पॅनमधून मी माझ्या मेलेल्या बापाला पाणी पाजत होतो, हे मला त्या खोलीत हिंदीत बोलून दाखवावं लागलं असतं. मला लाज वाटली. तेवढ्या लाजेसाठी मी तिवारीजींचे डोळे दिले.

साहेबांनी लाल पेनने वीस-एकवीस आकड्यांना चौकट केली आणि शेऱ्यात लिहिलं, ऑब्झर्व्हर एरर. प्रत्येक आकड्याच्या खाली तिवारीजींची छोटी सही होती.

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो, सिव्हिल लाइन्समध्ये. डॉक्टरांनी बत्ती मारून बघितलं, अक्षरं वाचायला लावली. म्हणाले, "उम्र के हिसाब से अच्छी नज़र है. मोतिया ज़रा-सा शुरू है, घबराने की बात नहीं."

तिवारीजींनी यातलं दुसरं, मोतीबिंदूचं वाक्य उचललं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला. "तुम काए मुँह लटकाए हो? आँख हमारी गई है." मी रस प्यायलो. त्या क्षणी सांगता आलं असतं. रसवाल्याचं चाक फिरत होतं, आवाज होता, कुणी ऐकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला. वेधाच्या कामातून मोकळं करावं, विनंती. साहेबांनी त्यांना आतल्या खोलीत डिस्पॅचच्या टेबलावर बसवलं, येणारी-जाणारी पत्रं नोंदवायला. त्यानंतर दोन वर्षं ते कुंपणाच्या आत आले नाहीत. सायकलही सोडली. नजरेचा भरवसा नाही, कुणाला धडकायला नको, म्हणायचे. सात किलोमीटर टेम्पोने, दोनदा बदलून. रोज दुपारी मी आत आलो की खिडकीशी यायचे.

"आज कितना उड़ा?"

मी आकडा सांगायचो. ते मान हलवायचे. "ठीक है. हवा पूरब की है, कल कम उड़ेगा." आणि दुसऱ्या दिवशी खरंच कमी उडायचं. हे ते ओळखायचे डिस्पॅचच्या टेबलावरून, खिडकीतून दिसेल तेवढ्या आकाशावर.

पहिला पाऊस झाला तेव्हा त्यांनी खिडकीतून ओरडून विचारलं, पॅनमधून पाणी काढलंस का? पाऊस पडला की पॅनमध्ये पाणी वाढतं, तेव्हा ओतायच्या ऐवजी काढून मोजायचं असतं. मी विसरलो होतो. छत्री न घेता धावलो. मागून त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

निवृत्तीच्या दिवशी हार, समोसे, भाषणं झाली. तिवारीजी शेवटी बोलले. म्हणाले, तीस वर्षांत मी रजिस्टरमध्ये एकच चूक केली आणि ती मुकुंदने पकडली; हा मुलगा नसता तर झाशीच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय करणार होतो?

नंतर मी तिथेच वाढलो, इन्चार्ज झालो. नव्या ऑब्झर्व्हरांना शिकवू लागलो. गारा कशा वितळवायच्या, दंव कधी बघायचं, बर्फाच्या रकान्यात रेघ का मारायची. सगळं तिवारीजींच्याच शब्दांत. जाळीला मी कुलूप करून घेतलं. माझ्या पाठीमागे पोरं मला जालीवाले सर म्हणतात, हे मला माहीत आहे. कुंपणाच्या बाहेर जांभळाखाली सिमेंटची एक थाळी बांधून घेतली. ती उन्हाळाभर मी स्वतः भरतो. मोर येतात. आई होती तोवर तिला त्यांची संख्या सांगायचो. ती म्हणायची, बाबांना पोचतंय हो सगळं.

गेल्या महिन्यात जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं. त्यासाठी प्रिया नावाची नवी सायंटिस्ट आली आहे. हुशार आहे, फार बोलत नाही. एका दुपारी ती ते रजिस्टर घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"सर, इसमें लिखा है ऑब्झर्व्हर एरर. पर ये एरर हो नहीं सकती."

"का?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"सुबह ज़्यादा डालते, तो दोपहर की रीडिंग घटती. घटी नहीं है. इन तिवारीजी की आँख बिलकुल ठीक थी. पानी सच में कम हुआ था. दोपहर के बाद, रोज़. कोई पी रहा था."

सव्वीस वर्षांनी एक मुलगी पान नीट वाचायला बसली आणि दहा मिनिटांत तिथे पोचली. मी तिला बसायला सांगितलं. पाणी मागवलं. मग सांगितलं. मोर, वैशाख, बाबा, सक्सेना साहेब, सगळं. शेवटी म्हणाली, "तो रिमार्क बदल दूँ?"

मी रजिस्टर स्वतःकडे घेतलं. लाल शेऱ्याखाली निळ्या पेनने लिहिलं: जाळी उघडी होती; पक्षी पाणी प्यायले; सकाळच्या निरीक्षकाची चूक नाही; जाळी उघडणारा मी. खाली पूर्ण सही आणि हुद्दा. लखनौला पत्रही पाठवलं. तिथून उत्तर आलं की आकडे वगळलेलेच राहतील, शेरा बदलण्यात येत आहे. माझ्यावर काही कारवाई झाली नाही. कुणाला वेळ नाही.

यातून काढण्यासारखा धडा फार मोठा नाही. ज्याचं काम पाणी मोजायचं आहे, त्याला कुणाला पाणी पाजावंसं वाटलं तर वेगळ्या भांड्यातून पाजावं. आणि दोन माणसं एकाच भांड्याचं रीडिंग घेत असतील, तर चूक एकाच्या खात्यात दिसते म्हणून ती त्याचीच असते असं धरून चालू नये.

पत्राचं उत्तर आलं त्या रविवारी मी तिवारीजींकडे गेलो. पंच्याऐंशीच्या घरात आहेत. कान जरा गेले आहेत. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं मागेच झाली. ओसरीत बसून मला म्हणाले, "अब तो सब साफ दिखता है. ये ऑपरेशन तब करा लेते, तो तुम्हारा पैन न छोड़ना पड़ता." सून चहा घेऊन आली. त्यांनी तिला सांगितलं, हाच तो मुकुंद, ज्याने माझी चूक पकडली होती. ती मला नमस्कार करून आत गेली. मी चहा प्यायलो, पावसाबद्दल बोललो, उठलो.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. तिवारीजींना मराठी वाचता येत नाही, आणि झाशीत हे वाचून त्यांना जाऊन सांगेल असं कुणी नाही. लिहिताना मला हे माहीत होतं. त्यांच्या ओसरीत बसून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, हेच हिंदीत सांगायचं अजून बाकी आहे.